उलटा पिळलेला शाफ्ट

माझ्या जीपचा पुढचा एक्सल पहिल्यांदा मोडला तेव्हा मी गाडीतून चिखलात उतरले आणि जीपला, चिखलाला, नवऱ्याला आणि ज्या लष्करी लिलावातून त्यानं ती घेतली त्या लिलावाला, अशा क्रमानं शिव्या दिल्या. मागे कॅनमध्ये दूध हिंदकळत होतं. दुधाला मात्र बोलले नाही, कारण ते माझं नव्हतं. अकरा वस्त्यांवरच्या बायकांचं होतं.

जीप नवऱ्यानं हौसेनं आणलेली. चारही चाकं ओढतात, हे तो येईल-जाईल त्याला सांगायचा. पाहुणा चहा प्यायला बसला की आधी जीप बघून यायचा, मग चहा. दोनदा कालव्यापर्यंत फेरी मारली आणि हौस फिटली. नंतर तिच्या सीटवर आमच्या कोंबड्या अंडी घालायच्या. मीच एक दिवस कोंबड्या हुसकल्या आणि किल्ली मागितली. गाडी शिकायला मला पंधरा दिवस लागले. गावाला ते पचायला वर्ष लागलं.

वडगाव निंबाळकरच्या खालच्या अंगाला जमीन चोपण झालेली आहे. वर्षानुवर्षं कालव्याचं पाणी पिऊन पिऊन ती उन्हाळ्यात दगड होते आणि पावसाळ्यात लोणी. दुधाचा टेम्पो तिकडे पावसाळ्याचे चार महिने फिरकत नसे. मग त्या वस्त्यांवरच्या बायका कॅन डोक्यावर घेऊन, पायातल्या चपला हातात धरून, डांबरी रस्त्यापर्यंत यायच्या. कधी टेम्पो निघून गेलेला असायचा. मग तेच दूध डोक्यावर घेऊन परत. हे मी माहेरीही बघितलं होतं आणि सासरीही, आणि दोन्हीकडे मला त्याचा रागच यायचा. म्हणून किल्ली हातात आल्यावर मी दुधाची लाइन सुरू केली. लाइन म्हणजे रोज सकाळी ठरलेल्या वस्त्या फिरून दूध गोळा करायचं आणि केंद्रावर पोचवायचं. नऊला तिथून टँकर हलतो. नवाच्या आत पोचलं तर दूध, नाहीतर घरी जाऊन दही लावा.

तर पहिल्यांदा गाडी मोडली ती शेवटच्या वस्तीच्या वळणावर. माघारी घेत होते, पुढून कडाड आवाज आला आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. टँकर चुकला. बारामतीच्या एका गॅरेजवाल्यानं शाफ्ट बाहेर काढून दाखवला. इंजिनाची ताकद पुढच्या चाकापर्यंत नेणारी ती दांडी. चाक वळलं तरी दांडी फिरत राहावी म्हणून चाकाजवळ तिला एक सांधा असतो, त्याला सगळे क्रॉस म्हणतात. तो क्रॉसच फुटला होता.

"ताई, ही गाडी बाईमाणसाच्या हातची न्हाय," गॅरेजवाला म्हणाला.

"गाडी नीट करायची का मी दुसरीकडं नेऊ?" मी म्हणाले. त्यानं नीट केली, पण तोंडातल्या तोंडात हसत केली.

दुसऱ्यांदा मोडली तीही त्याच वळणावर. पुन्हा टँकर चुकला. तिथला चिखलच वाईट, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि स्वतःलाही. आता नवऱ्याची हौस परत जागी झाली. मोबाइलवर त्यानं रात्रंदिवस व्हिडिओ बघितले. त्यात परदेशातली माणसं गाड्या दगडांवर चढवून मुद्दाम मोडायची आणि मग जाडजूड शाफ्ट टाकून त्याच दगडांवर पुन्हा चढायची. "तुझ्या गाडीला असाच शाफ्ट पाहिजे, हत्ती बांधला तरी तुटणार नाही," तो म्हणाला. मलाही पटलं. मोडतं ते बारीक असतं म्हणून मोडतं, त्याला जाड केलं की झालं, इतकं साधं वाटलं. लांबून कुठूनतरी पार्सलनं शाफ्ट आले. गॅरेजवाल्यानं बसवले.

आणि खरंच, तो शाफ्ट तुटला नाही. त्याच वळणावर तिसऱ्या वेळी एक्सलच्या मधल्या गोळ्यात दळण दळल्यासारखा आवाज झाला आणि आतल्या दातेरी चाकाचे दात निघून आले. तेल काढलं तर तेलात चकचकीत चुरा. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं झालं. आधी एक दांडी जायची, आता पोटच गेलं.

केंद्रावरचे साहेब माणूस म्हणून चांगले. आरडाओरडा केला असता तर मीही तोंड वाजवलं असतं. पण ते शांतपणे म्हणाले, "ताई, तीनदा झालं. तुमची मेहनत मला दिसते. पण आता एकदा जरी टँकर चुकला, तरी मला ही लाइन बंद करावी लागंल. टेम्पो डांबरीवर थांबंल, बायका तिथं आणून देतील."

बायका तिथं आणून देतील. हे वाक्य मला रात्री झोपू देईना. माझी लाइन जाईल ते जाईलच, पण कॅन पुन्हा डोक्यावर चढतील. मी सुरू केलेली गोष्ट माझ्याच गाडीनं मोडायची, हे मला सहन होत नव्हतं.

टँकरच्या ड्रायव्हरनं मला कळंबच्या आबांचं नाव सुचवलं. कारखान्यात आयुष्यभर टर्नर होते, आता घरच्या शेडमध्ये लोखंड कातायचं लेथ चालवतात. "जाताना मोडलेलं सगळं घिऊन जा. आन् धुऊ नका. धुतलेला तुकडा दिसला की आबा बोलत न्हायत," तो म्हणाला. नशीब की मोडलेले सगळे तुकडे मी खताच्या रिकाम्या पोत्यात टाकून ठेवले होते. नवरा त्याला भंगार म्हणायचा. मी त्याला पुरावा म्हणायचे, कारण कुणाच्या तरी माथी हे मारायचंच होतं.

पाऊस चार दिवस उघडला होता. पुढचा शाफ्ट काढून नुसत्या मागच्या दोन चाकांवर मी कशीबशी लाइन ओढली आणि पाचव्या दिवशी केंद्रावर दूध ओतून तशीच पुढे निघाले. बारामती, लासुर्णे, मग आत कळंब. दोन्ही बाजूंना ऊस, आणि पुढून ठणठण आवाज करत जाणारी मी.

आबांची शेड म्हणजे घराच्या बाजूला पत्र्याचं छप्पर. पण आत पाय टाकला आणि मी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. जमीन सारवलेली नव्हती, सिमेंटची होती, पण देवघरासारखी पुसलेली. भिंतीवर लाकडी फळी आणि तिच्यावर प्रत्येक पान्याचा आकार रंगानं काढलेला, ज्याचा पाना त्याच्याच जागी. लेथवर जुन्या धोतराचं पांघरूण. आबा सत्तरीच्या पलीकडचे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी मला बस म्हटलं नाही, गाडीला काय झालं हेही विचारलं नाही. पोत्याकडे बोट केलं.

मी तुकडे ओतायला गेले तर म्हणाले, "वतू नका. एकेक द्या. पयलं मोडलं ते पयलं."

त्यांनी ते बाकावर कापड अंथरून ओळीनं मांडले. मग भिंग काढलं. अर्धा तास ते एक शब्द बोलले नाहीत. एकेका तुकड्याची माती नखानं काढायचे, बोट फिरवायचे, उजेडात धरायचे. डॉक्टर नाडी बघतो तेव्हा आपण जसे त्याच्या तोंडाकडे बघतो, तशी मी बघत बसले. माझ्यासारख्या बडबड्या बाईला अर्धा तास गप्प बसवणारा माणूस मी तोपर्यंत बघितला नव्हता.

"माघारी घेताना मोडता," ते म्हणाले.

मी दचकलेच. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

त्यांनी शाफ्टचं टोक माझ्या पुढं केलं. टोकाला उभ्या बारीक खाचा असतात, त्या सरळ असायला पाहिजेत. या थोड्या तिरक्या झाल्या होत्या, पिळलेल्या धुण्यासारख्या. "गाडी पुढं जाताना जोर पडला तर ह्या आशा पिळत्यात," त्यांनी हातानं एका अंगाला पीळ दाखवला. "ह्या उलट्या पिळल्यात. आन् ह्ये बघा." सांधा धरून ठेवणाऱ्या दोन्ही कानांवर एकेक खरचटल्याची खूण होती. "स्टेअरिंग पार शेवटपातूर वळवल्याबगर ह्ये कान एकमेकाला लागत न्हायत. खुणा एकाच अंगाला हायत. म्हंजी जागा बी एकच हाय. रोजची."

लोखंडाचा एक फुटका तुकडा बघून या माणसानं माझी सकाळ सांगितली होती. मला कौतुक वाटायला पाहिजे होतं. मला आला राग.

"आबा, मी काय मुद्दाम मोडती व्हय?"

"मुद्दाम कोण मोडतंय? सवयीनं मोडतंय." आणि त्यांनी माझ्या हातात खडू दिला. "रस्ता काढा."

मी सिमेंटवर शेवटच्या वस्तीचा रस्ता काढला. दोन्ही बाजूंना ऊस, मधून एक गाडी जाईल इतकीच वाट, मध्येच काटकोनातलं वळण आणि शेवटी अंगण. आबांनी खिशातली काडेपेटी काढली आणि ती जीप म्हणून वाटेवर ठेवली. अंगणाच्या तोंडापर्यंत नेली. मग मागे मागे आणली आणि वळणावर थांबवली.

"हितं तुमी फुल वळवता. मागची चाकं चिखलात रुतत्यात, मग सगळा जोर पुढच्या चाकांवर येतो. आन् नेमकी त्याच टायमाला ती पार वळल्याली असत्यात. हात सरळ आसला तर माणूस घागर उचलतो. मुरगाळून पाठीमागं नेला तर तांब्या उचलंल का?"

"न्हाय."

"मग शाफ्ट जाड टाकून काय हुतंय? तुटायचं थांबत न्हाय, तुटायची जागा बदलती. जाड शाफ्टनं पीळ पुढं ढकलला, मधले दात गेले. दात जाड केले तर भायेरचं कवच, हाऊसिंग जाईल. आसं करत करत एक दिस तुमचं डोस्कं जाईल." मग काडेपेटीवर बोट ठेवून म्हणाले, "अंगणात का वळवत न्हाय?"

इथं मी अडखळले. अंगण चांगलं मोठं. मुरूम टाकून धुम्मसानं ठोकलेलं, पावसात सुद्धा टणक. पण मधोमध म्हैस बांधलेली असते. पहिल्या वर्षी एकदाच मी गाडी आत घातली होती. म्हैस बुजली, दावं ओढून उभी राहिली आणि त्या संध्याकाळी तिनं पान्हा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरच्या वहिनींनी मोकळा कॅन दाखवला. बोलल्या काहीच नाहीत. चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी अंगणाच्या तोंडाशीच थांबते, तिथंच दूध घेते, चहाला या म्हणाल्या तर टँकरचं निमित्त सांगते आणि उलटी निघते. दुसऱ्याच्या दारात जाऊन तुमची म्हैस हलवा म्हणून कसं सांगायचं? जीव गेला तरी आमच्याकडे माणूस असं सांगत नाही.

"त्या काय म्हणल्या?" आबांनी सगळं ऐकून विचारलं.

"काय न्हाय."

"तुमी इचारलं?"

"न्हाय."

"भीड भिकेची भैन," आबा म्हणाले आणि लेथवरचं धोतर बाजूला केलं.

पुढचे तीन दिवस मी सकाळी मागच्या दोन चाकांवर दूध पोचवून दुपारी कळंबला जात होते आणि त्यांचं काम बघत होते. मधल्या गोळ्यातली दातेरी चाकं त्यांनी कुठल्याशा जुन्या लष्करी गाडीची मिळवली. मला वाटलं, बसवली की झालं. आबांनी दातांना निळा लेप लावला, चाक हातानं फिरवलं आणि लेप कुठं पुसला जातो ते बघितलं. दात दाताला मधोमध लागायला पाहिजे. लागला नाही. सगळं खोललं, कागदाएवढ्या जाडीची एक चकती घातली, पुन्हा लेप, पुन्हा फिरवणं. असं सात वेळा. सहाव्या वेळी मला तरी ते बरोबर दिसलं होतं. मी तसं म्हणालेही.

"तुमाला बरुबर दिसतंय. त्याला बरुबर वाटत न्हाय," ते म्हणाले आणि परत खोलायला बसले. 'त्याला' म्हणजे त्या लोखंडाला. मी आयुष्यात खूप लोकांना लोखंड बडवताना बघितलंय. लोखंडाचं मत विचारणारा हा एकच माणूस.

जाड शाफ्ट त्यांनी माझ्याकडे परत दिले. "मालकाला द्या. दोडक्याचा वेल चढवाय बरं पडतील." साधेच शाफ्ट बसवले. "मोडायचंच आसंल तर हातात मावंल ते मोडू द्या," हा त्यांचा हिशेब. आणि एक शाफ्ट जादा देऊन तो माझ्याकडून बदलून घेतला. चाक काढ, नट काढ, शाफ्ट ओढ, दुसरा घाल. पहिल्यांदा मला दोन तास लागले आणि दोन बोटं सोलली. ते बाजूला बसून पेरू खात होते, हात लावला नाही. तिसऱ्यांदा चाळीस मिनिटांत झालं. तेव्हा त्यांनी अर्धा पेरू मला दिला. इतकी शाबासकी मला शाळेत कधी मिळाली नव्हती.

सगळ्यात शेवटी त्यांनी जे केलं ते इतकं लहान होतं की मी आधी बघितलंच नाही. स्टेअरिंग एका मर्यादेपलीकडे वळू नये म्हणून चाकाजवळ एक बोल्ट असतो. माझ्या गाडीचा झिजून आखूड झाला होता. आबांनी लेथवर नवा काढला, मूळच्यापेक्षाही नखभर लांब.

"आता चाक तेवढं वळणार न्हाय. सांधा मुरगाळायच्या आधी थांबंल. एक्सल टिकंल."

मला इतका आनंद झाला की मी पाया पडायला वाकले. ते पाय मागे घेत म्हणाले, "थांबा. गाडी आता पयल्याइतकी वळणार न्हाय. पुढं जाईल, पन त्या वळणावर माघारी निघणारच न्हाय ती."

"मग मी काय करू?"

"त्ये लेथवर हुत न्हाय," आबा म्हणाले.

घरी नवऱ्यानं गाडी अंगणात फिरवून बघितली आणि खाली उतरला. "जास्त पैलवान करून आणशील वाटलं होतं. ही तर आधीपेक्षा कमी वळते." मी म्हटलं, होय, अक्कल घातली की असंच होतं. जाड शाफ्ट मात्र त्यानं गुपचूप परड्यात नेऊन रोवले. दोडका खरंच छान चढला.

दोन दिवसांनी पावसानं झड लावली. सकाळी दहा वस्त्या झाल्या. चारही चाकं लोण्यातून सुरी जावी तशी निघाली होती आणि पुढच्या एक्सलमधून एक बारीकसा सुद्धा आवाज नव्हता. पण मी त्याचं सुख घेतच नव्हते. अकराव्या वस्तीची वाट आली तशी मी गाडी हळू केली. वाटेत शिरले तेव्हाच ठरलं होतं की उलटं निघता येणार नाही. विचारायचं, नाहीतर तिथंच अडकायचं आणि टँकर घालवायचा. दहा वस्त्यांचं दूध मागं, साहेबांचं ते एक वाक्य डोक्यात, आणि मी, जिच्या तोंडाला गॅरेजवाले भितात, ती एका म्हशीपुढं घाम फुटून बसलेली.

अंगणाच्या तोंडाशी थांबले. डोक्यावर पोतं पांघरून वहिनी कॅन घेऊन आल्या. कॅन मागे ठेवला. आता मी निघणार म्हणून बाजूला झाल्या. मी निघाले नाही.

"वहिनी," मी म्हणाले, "म्हैस तेवढी पल्याड बांधता का? गाडी आत वळवायची हुती." आणि घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. एक्सल, वळण, त्या दिवशी बुजलेली म्हैस, न सोडलेला पान्हा.

वहिनींनी डोक्यावरचं पोतं सावरलं. पावसाचं पाणी पोत्यावरून त्यांच्या नाकावर ओघळत होतं.

"म्हशीचं काय, ती वाऱ्यालाबी बुजती," त्या म्हणाल्या. "आवो ताई, तीन वरसं झाली. तुमी समद्यांच्या दारात जाता, आमच्याच अंगणाला चाक लावत न्हाय. आमी दोघं म्हणायचो, शेणामुताचं अंगण, त्यांना किळस येत आसंल. मी रोज पाटं उठून तेवढा पट्टा झाडून ठिवती. म्हनलं, आज तरी आत येतील."

मी खाली बघितलं. अंगणाच्या तोंडापासून म्हशीच्या दाव्यापर्यंत, गाडीच्या रुंदीचा एक पट्टा झाडलेला होता. बाजूला शेण होतं, वैरणीची काडी होती, त्या पट्ट्यावर काही नव्हतं. तीन वर्षं मी तो रोज बघत होते आणि रोज त्याच्या कडेवरून उलटी फिरत होते. मला फार लाज वाटली. मोडलेल्या एक्सलची नव्हती वाटली, इतकी वाटली.

त्यांनी म्हैस सोडली आणि गोठ्याच्या आडोशाला नेली. परत येऊन गाडीच्या पुढं उलट्या चालत, हातानं या, या, आजून या, करत राहिल्या. मी पट्ट्यावर चाक घातलं. एकदा पुढं, एकदा थोडं मागं, आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे झालं. नवाला वीस मिनिटं कमी असताना मी केंद्रावर पोचले. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि नुसती मान डोलावली.

त्या पावसाळ्यात एकदाही टँकर चुकला नाही, नंतरही नाही. लाइन माझ्याकडेच आहे. आता मी रोज अंगणात गाडी वळवते, म्हैस सुद्धा माझ्याकडे बघून नुसती रवंथ करते. वहिनींना मी कितीदा सांगितलं, आता झाडत जाऊ नका, गाडीच येते, चाकांना कसलं आलंय शेण. त्या ऐकत नाहीत.